सर्वांसाठीचं शौचालय: आधी दार, मग पाटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी जानेवारीत दोन दिवसांचा लोककला आणि खाद्य महोत्सव आहे, संध्याकाळी ४ ते १०. मैदान नगरपालिकेचं. गर्दी चढेल तेव्हा एका वेळी ३,००० माणसं आणि त्यात बायका ४० टक्के, असा अंदाज. कार्यक्रमात तृतीयपंथी कलावंतांचा एक संच आहे. समितीतल्या तरुण पोरांना सगळी शौचालयं स्त्री-पुरुष भेद न ठेवता सर्वांसाठी करायची आहेत. समितीतल्या बायकांनी त्याला साफ नकार दिलाय. आणि परवानगीच्या अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोनच रकाने आहेत. तर नियम काय, सीटं किती आणि तोडगा कसा काढायचा?

मी धुळ्याला राहून मंडप, पाणी, वीज आणि शौचालयं अशी एकत्र कामं घेतो. यात्रा, सप्ताह, कृषी प्रदर्शनं, संमेलनं, जे येईल ते. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्याकडे वाद पाटीवरून चाललाय, पण अडचण पाटीची नाहीच. आपल्याकडे मेळाव्यात ‘शौचालय’ म्हणून जे उभं राहतं ते बहुतेक वेळा कनातीचा आडोसा, मध्ये पडदे, खाली वीतभर फट, आतून लावायला सुतळी, असं असतं. त्यात बाईच्या शेजारच्या खान्यात बाईच असेल, या एकाच भरवशावर ती आत जाते. तो भरवसा तुम्ही काढून घेताय आणि बदल्यात काय देताय ते सांगत नाही. मग ती नाही म्हणणारच, आणि तिचं बरोबर आहे. पण तळापासून छतापर्यंत बंद भिंती, आतून पक्की कडी, आतच पाणी आणि आतच दिवा अशी एकेक सुटी खोली दिलीत, तर शेजारी कोण आहे याला फारसा अर्थ राहत नाही. घरात एकच संडास असतो, तो सगळेच वापरतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: खोली तशी बांधता येत असेल तरच तिच्यावर ‘सर्वांसाठी’ लिहायचं. येत नसेल तर लिहू नका, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो.

आता नियम. कायद्याची बाजू आधी घेतो, कारण समितीत बहुतेक वाद ‘कायद्यात बसतं का’ इथे अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना सार्वजनिक शौचालयांची सोय करून देण्याचे निर्देश केंद्र आणि राज्य सरकारांना दिले. त्यात स्वतंत्र शौचालयांचा उल्लेख आहे. पुढे २०१७ मध्ये ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राने सांगितलं की तृतीयपंथी व्यक्तीला पुरुषांचं किंवा स्त्रियांचं, तिला हवं ते सार्वजनिक शौचालय वापरू द्यावं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं संरक्षण करणारा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे लोकांसाठी खुली असलेली सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो. २०२० च्या नियमांत तर आस्थापनांनी आपल्या समान संधी धोरणात काय काय लिहावं हे सांगताना ‘युनिसेक्स’ शौचालयाचं नाव घेतलेलं आहे.

या सगळ्याचा तुमच्या मैदानापुरता अर्थ एवढाच: तृतीयपंथी माणसाला अडवायचं नाही, आणि सर्वांसाठीची खोली ठेवणं ही काही चोरून करायची गोष्ट नाही. पण याच कायद्यांनी तुम्हाला बायकांची रांग काढून टाकायला सांगितलेलं नाही. तुमच्या पोरांचा उत्साह तिथे थोडा पुढे पळतोय.

स्थानिक परवानगी हा वेगळा विषय. मैदान नगरपालिकेचं असेल तर मैदान देताना ती ज्या अटी घालते त्या तुम्हाला बांधील. महापालिका असेल तर कागद प्रभागातून फिरतो, खेड्यात ग्रामपंचायतीच्या ठरावावर काम भागतं, आणि पोलीस ठाण्याची परवानगी सगळीकडे लागते. अटींची भाषा गावागणिक बदलते. ‘स्त्री व पुरुषांसाठी स्वतंत्र व्यवस्था’ ही ओळ मात्र मी जवळपास सगळीकडे पाहिली आहे. ही अट असेल तर ती पाळायचीच. ‘आमची सगळीच सर्वांसाठी आहेत’ असं स्वच्छता निरीक्षकाला सांगून काही मिळत नाही. त्याच्यापुढे यादी असते आणि यादीत बायकांची स्वतंत्र सोय दिसली पाहिजे. घनकचऱ्याबद्दलही लक्षात ठेवा. २०१६ च्या नियमांपासून १०० पेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाची खबर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी द्यायची अट आहे. शौचालयाचा नकाशा त्याच अर्जाला जोडून दिला की एकाच फेरीत दोन्ही कामं होतात.

आता सीटं किती. शहरी स्वच्छ भारत अभियानाच्या सार्वजनिक शौचालयांच्या मापाने मी सुरुवात करतो. पुरुषांसाठी पहिल्या ४०० पर्यंत दर १०० ला एक सीट आणि पुढे दर २५० ला एक. बायकांसाठी पहिल्या २०० पर्यंत दर १०० ला दोन आणि पुढे दर १०० ला एक. मुतारी दर ५० पुरुषांमागे एक. तुमच्या ३,००० मध्ये १,८०० पुरुष आणि १,२०० बायका धरल्या तर पुरुषांची १०, बायकांची १४, अशी २४ सीटं आणि ३६ मुताऱ्या होतात.

इथेच तुमच्या भांडणाचं उत्तर आहे. बायकांच्या १४ ला हात लावू नका. ती त्यांचीच राहू द्या, वेगळ्या वाटेने, वेगळ्या पाटीने. पुरुषांच्या वाट्याची १० मात्र सर्वांसाठीच्या सुट्या खोल्या करून टाका. पुरुषांना मुताऱ्या भरपूर दिल्या की संध्याकाळच्या सहा तासांत त्यांना सीट फारच कमी लागतं. गर्दीच्या वेळी पाहा, पुरुषांकडची निम्मी दारं उघडी असतात आणि बायकांची रांग मंडपाबाहेर गेलेली असते. त्या १० खोल्या सर्वांसाठी केल्या की बायकांना १४ चे २४ पर्याय होतात. ज्यांना संकोच वाटतो त्या आपल्या १४ मध्ये जातील, घाईत असलेल्या इकडे वळतील. कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. समितीतल्या बायकांपुढे हिशोब असा मांडून बघा. मी जिथे मांडलाय तिथे विरोधाचा सूर पाच मिनिटांत बदललाय, आणि मग त्याच बायका ‘कड्या कोणत्या लावणार?’ असं विचारायला लागतात. तो खरा प्रश्न आहे.

अर्जातले दोन रकानेही यातून भागतात. ‘स्त्री’ मध्ये १४ लिहा. ‘पुरुष’ मध्ये मुताऱ्या ३६ आणि सीटं १० लिहा. सोबतच्या नकाशावर त्या १० खोल्यांपुढे ‘पुरुष, तृतीयपंथी, दिव्यांग व सहकुटुंब वापर’ असं स्पष्ट लिहून खाली अध्यक्षांची सही घ्या. लपवायचं काही नाही, आणि निरीक्षक मैदानात आल्यावर त्याला कागद आणि जागा जुळलेल्या दिसतात.

‘सहकुटुंब’ हा शब्द मी मुद्दाम घालतो. आपल्याकडच्या जत्रांत या खोल्यांचा सगळ्यात जास्त वापर कोण करतं ते एकदा उभं राहून बघा. चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला बाप. एरवी तो बिचारा बायकांच्या रांगेजवळ उभा राहून कुणा अनोळखी मावशीला विनवतो, किंवा पोरीला मुताऱ्यांच्या बाजूने आत नेतो. म्हाताऱ्या सासऱ्याला हाताला धरून आणणारी सून. गुडघे गेलेल्या आजीला उठवून बसवायला सोबत आलेला नातू. यातल्या एकालाही लिंगभेदाच्या चर्चेशी देणंघेणं नसतं, पण सोय त्यांची होते. तुमच्या पोरांनी सभेत ‘समावेशकता’ वगैरे शब्द काढण्यापेक्षा हा बाप आणि ही सून काढावी. काम लवकर होईल.

आणि तृतीयपंथी लोकांबद्दल खान्देशात कुणाला नव्याने काही समजावायला लागेल असं मला वाटत नाही. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री राखीव जागेवरून लढू दिलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना ग्रामपंचायतीत निवडून दिलं. गावाला मत द्यायला अडचण आली नाही, तर दार उघडायला का यावी?

तरी त्यांची सोय त्यांना न विचारता ठरवू नका. काही जणी सांगतात, आम्ही बायकांच्याच रांगेत जाणार, आयुष्यभर जातोय. काही जणींना सुटी खोली बरी वाटते, कारण कुणी वळून बघत नाही. तो पहिला पर्याय त्यांचा हक्क आहे, म्हणून ‘तुमच्यासाठी तिकडे वेगळी आहे’ असं म्हणून त्यांना बायकांच्या रांगेतून बाहेर काढायचं नाही. फक्त ‘तृतीयपंथी’ एवढीच पाटी लावलेली एकुलती एक खोली तर मुळीच नको. तिच्यात जाणारा माणूस सगळ्या मैदानासमोर स्वतःची ओळख सांगत जातो. अशी खोली दिवसभर रिकामी राहते आणि रात्री तिच्यात मंडपवाल्याच्या सतरंज्या ठेवलेल्या असतात. कलावंतांसाठी मंचामागे कपडे बदलायच्या जागेला लागून एक सुटी खोली वेगळी द्या, ती तुमच्या २४ च्या वरची. मेकअप करून, जड लुगडं नेसून कुणालाही गर्दीतून पार टोकाला जायला लावणं बरं नाही, मग ते कोणीही असोत.

आता दार. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच बिघडतं.

खोल्या पत्र्याच्या किंवा पफ पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) घ्या, कापडाच्या नाहीत. दोन खोल्यांमधली भिंत छताला टेकली पाहिजे. वर हातभर मोकळी सोडतात ती वाऱ्यासाठी म्हणून, पण मोबाईल धरलेला हात तिथूनच येतो. वारा हवा असेल तर मागच्या भिंतीत उंचावर जाळी बसवा. दाराखालची फट दोन बोटांपेक्षा जास्त नको. पत्र्याला जुने खिळे काढल्याची भोकं असतात, ती उजेडात सहज दिसत नाहीत. माणूस आत उभा करा, दार लावा, बाहेरून टॉर्च फिरवा. आत जिथे ठिपका पडेल तिथे टेप लावा. हे वेडेपणाचं वाटेल, पण अशा भोकांतून बाईला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि तो तुमच्या मैदानात घडला तर ‘सर्वांसाठी’ ही कल्पना तुमच्या तालुक्यात पुढची कित्येक वर्षं कुणी काढू देणार नाही.

दिव्याचं तर कुणी बघतच नाही. फायबरच्या खोल्या दिवसा बंदिस्त दिसतात. रात्री आत दिवा लागला की भिंत कंदिलासारखी उजळते, आणि दिवा मागच्या भिंतीवर असेल तर आतल्या माणसाची अख्खी सावली दारावर पडते. साडी सावरतानाची सावली रांगेतल्या सगळ्यांना दिसते. दिवा छताच्या मधोमध घ्या, म्हणजे सावली पायाशी पडते. आणि बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त ठेवा. आदल्या दिवशी अंधार पडल्यावर एकाला आत पाठवून बाहेरून स्वतः बघा. दिवसा तपासणी करून उपयोग नाही, तुमचा कार्यक्रम संध्याकाळचा आहे.

आत कडी लोखंडी, हात ओला असला तरी सरकणारी. साडी, ओढणी, पिशवी अडकवायला दोन खुंट्या, एक उंच आणि एक पोरांच्या उंचीची. पॅड टाकायला झाकणाचा डबा प्रत्येक खोलीत, सर्वांसाठीच्या १० मध्येही, आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खिळ्याला लावून. सर्वांसाठीच्या खोलीत डबा नसला की बाई तिथे एकदाच येते, परत येत नाही. नळ आतच हवा, आणि मग्गा साखळीने बांधलेला. कमोड किती आणि भारतीय भांडी किती, याचं मी ठरवून सांगत नाही, गर्दीच्या वयावर आहे. साधारण चारात एक कमोड पुरतो.

या खोल्यांची तोंडं मोकळ्या, रुंद वाटेकडे करा. समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये बोळ, ही रचना स्वस्त पडते कारण पाण्याचा पाइप एकच लागतो. पण रात्री त्या बोळात बाई शिरत नाही, आणि शिरावं असं मीही म्हणणार नाही. मुताऱ्यांची वाट पूर्ण वेगळी, दुसऱ्या बाजूने, आणि तिथून सर्वांसाठीच्या दारांकडे येता येणार नाही अशी. एका माणसाला ६० सेंटिमीटर धरले तर ३६ जणांना जवळपास २२ मीटर लांबी लागते. मध्ये पत्रा घालून दोन्ही बाजूंनी ११-११ मीटरची पन्हळ टाकली की झालं. मुतारी कमी पडली की पुरुष सर्वांसाठीच्या खोलीत उभ्याने जातात, खाली सगळं ओलं होतं, आणि मग बायका म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. म्हणून सर्वांसाठीचं शौचालय स्वच्छ ठेवायची पहिली पायरी म्हणजे पुरुषांच्या मुताऱ्या. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

दिव्यांगांसाठी त्या १० पैकी दोन खोल्या रुंद करा. दार ९०० मिलिमीटर, आत चाकाची खुर्ची वळायला १,५०० मिलिमीटरची मोकळी जागा, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. उताराचं माप १ ला १२. आता चाकांवरच्या फिरत्या शौचालयाच्या गाडीचा हिशोब करा: तळ ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार ७ मीटरच्या वर लांब लागतो. तो कुणी करत नाही, फळी टाकतात, आणि त्या फळीवरून खुर्ची चढत नाही. म्हणून या दोन खोल्या गाडीत नकोत, जमिनीवरच उभ्या करा. गाडीच्या अरुंद पायऱ्या साडी नेसलेल्या म्हाताऱ्या बाईलाही नकोशा होतात, हेही गाडी ठरवताना लक्षात घ्या.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. बायकांची १४ स्वतंत्र, सर्वांसाठीच्या बंद सुट्या खोल्या १० (त्यातल्या दोन रुंद आणि जमिनीवर), मुताऱ्या ३६ दुसऱ्या बाजूला, मंचामागे एक. आता या हिशोबातली फट सांगतो.

हा आकडा गर्दी सहा तास थोडी थोडी येत राहील असं धरून आहे. तुमचा कार्यक्रम लोककलेचा आहे, म्हणजे वगाच्या नाहीतर वहीगायनाच्या मध्ये कुणीतरी वीस मिनिटांचं मध्यंतर ठेवणार. १,२०० बायकांपैकी पाव जणी उठल्या तरी ३०० झाल्या. बाईला आत जाऊन, कपडे सावरून, पाणी घेऊन बाहेर यायला तीन मिनिटं लागतात, सोबत पोर असेल तर जास्त. वीस मिनिटांत एका खोलीत सहा-सात जणी. १४ खोल्यांत ९० च्या आसपास, आणि सर्वांसाठीच्या खोल्यांतल्या बऱ्याचशा त्यांना मिळाल्या तर आणखी चाळीस-पन्नास. उरलेल्या दीडशे जणी रांगेत, आणि मंचावर ढोलकी सुरू. सीटं दुप्पट केली तरी हे पुरत नाही आणि तेवढा पैसा तुमच्याकडे नाही.

यावरचा इलाज फुकट आहे: मध्यंतर ठेवू नका. मंचावर काही ना काही चालू ठेवा, सत्कार आणि भाषणं एका जागी न घेता मध्ये मध्ये पेरा. सत्काराच्या वेळी लोक आपोआप उठतात, ते सगळीकडे सारखंच आहे. खाण्याचे स्टॉल पूर्ण वेळ उघडे ठेवा, म्हणजे गर्दी तिकडेही वाटली जाते. कार्यक्रमपत्रिका छापायला जायच्या आधी ती शौचालय बघणाऱ्याला दाखवा, असं मी प्रत्येक समितीला सांगतो. हसतात, पण दाखवतात.

पाण्याचा हिशोब वेगळ्या आकड्यावर करायचा. सीटं एका वेळच्या गर्दीवर ठरतात, पाणी आणि मैला मात्र दिवसभरात येऊन गेलेल्या सगळ्या माणसांवर. खाद्य महोत्सवात लोक येतात, खातात, जातात. एका वेळी ३,००० म्हणजे संध्याकाळभरात ५,००० धरा. त्यात २,००० बायका एकेकदा आणि ३,००० पुरुषांपैकी पाचात एक सीट वापरतो असं धरलं तर २,६०० वेळा वापर. एका वेळेला सहा लिटर म्हणजे १५,६०० लिटर. हात धुवायला माणशी अर्धा लिटर, २,५००. धुण्यापुसण्याला हजारभर. एका संध्याकाळी १९,००० लिटरच्या घरात, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. जानेवारीत टँकर मिळतो. हाच कार्यक्रम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असता तर मी आधी पाण्याचं विचारलं असतं आणि मग तारखेचं. शिवाय भुसावळ-जळगावकडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत माणूस मिनिटभर टिकत नाही. तिथे छताला पाचट किंवा दुहेरी ताडपत्री लागते. तुम्हाला ती अडचण नाही.

जेवढं पाणी आत जातं तेवढं मैल्यासकट बाहेरही येतं. इथे सगळं जमिनीवर अवलंबून आहे. तापीकाठच्या काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. ओली झाली की ती फुगते आणि पाणी पुढे घेतच नाही, दुसऱ्या संध्याकाळी खड्डा तोंडापर्यंत येतो. सातपुड्याच्या पायथ्याला मुरमाड जमीन असेल तर दोन दिवसांचं काम खड्ड्यावर निभतं, मात्र विहीर किंवा बोअर जवळ नको, १५ मीटर तरी लांब. नदीच्या पात्रात खड्डा खणायचाच नाही. अमळनेरची यात्रा बोरीच्या पात्रात भरते, सारंगखेड्याची तापीच्या काठी. तिथे बंद टाकी आणि उपसा टँकर हाच रस्ता आहे. तुम्हीही तोच घ्या. भाडं ठरवताना गाडीवाल्याला दोनच गोष्टी विचारा: टाकी किती लिटरची, आणि भरल्यावर ती रिकामी कुठे करणार? दुसऱ्या प्रश्नाला तो ‘बघू, बाहेर कुठेतरी’ म्हणाला तर दुसरा गाडीवाला बघा. नगरपालिकेच्या मैला प्रक्रिया केंद्राची किंवा ती सांगेल त्या जागेची पावती मागून घ्या. आणि टाकी तुंबली म्हणून कुणाला आत उतरवायचं नाही, कितीही घाई असली तरी. हाताने मैला सफाई करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि माणसं त्यात खरोखर मरतात.

राहिली माणसं. सर्वांसाठीच्या रांगेजवळ एक बाई आणि एक पुरुष असे दोघे सफाईवाले पूर्ण वेळ हवेत, अर्ध्या तासाने दर खोली बघणारे. त्यांची मजुरी, हातमोजे, गमबूट आणि जेवण आधी ठरवा. ‘कार्यक्रम झाल्यावर बघू’ म्हटलं की रात्री आठला माणूस निघून जातो आणि त्याचं काहीच चुकत नाही. सोबत दोन स्वयंसेवक. त्यांना एकच गोष्ट पक्की शिकवा: कुणालाही ‘तुम्ही कोण?’ विचारायचं नाही. तक्रार येईल, येतेच. ‘अहो, त्या खोलीत माणूस गेला!’ त्यावर वाद घालायचा नाही. ‘मावशी, ती खोली सगळ्यांसाठी आहे, आतून पक्की कडी आहे. फक्त बायकांची हवी तर डाव्या हाताला चला, मी दाखवतो.’ एवढं बोलून दोन पावलं सोबत चालायचं. कुठेशी एका पोरीने हेच ‘हाई बठ्ठासकरता शे, माय’ असं अहिराणीत सांगितलेलं मी ऐकलं आणि म्हातारी हसून आतच गेली. तुमच्या स्वयंसेवकांनाही घरची बोली बोलू द्या.

पाटीवर चित्र माणसाचं काढू नका, आत काय आहे त्याचं काढा: भांडं, कमोड, चाकाची खुर्ची, बाळ. खाली मोठ्या अक्षरात ‘सर्वांसाठी’. बायकांच्या वाटेवर नेहमीची बाईच्या चेहऱ्याची पाटी ठेवा, तिला पर्याय शोधत बसू नका, ती सगळ्यांना कळते. पावरी किंवा भिली बोलणारी, वाचता न येणारी बरीच माणसं तुमच्या महोत्सवाला येतील. त्यांच्यासाठी चित्र हीच पाटी. उंची अशी की पुढे माणूस उभा असला तरी डोक्यावरून दिसेल, आणि तिच्यावर वेगळा दिवा.

शेवटी खर्चाचं, कारण समितीत तोही निघेल. बंद पत्र्याची खोली कनातीपेक्षा महाग पडते, यात शंका नाही. पैसे कमी पडत असतील तर सर्वांसाठीच्या १० ऐवजी सहाच पक्क्या करा आणि उरलेली चार साधी पुरुषांची ठेवा. बायकांची १४ मात्र कनातीची ठेवून सर्वांसाठीच्या तेवढ्या पक्क्या, असं करू नका. बायका आपलं सोडून तिकडे रांग लावतील आणि तुमची मांडणीच कोलमडेल. मैदानाचा उतार कुठल्या बाजूला आहे, जवळ विहीर-बोअर आहे का आणि मंच कुठे येतोय, एवढं कळवलंत तर रांगा कुठे उभ्या करायच्या तेही सांगतो.